वरून एक मीटर

वासंती ओव्हाळ नोकरी मागायला आली तेव्हा मच्छिंद्र उंद्रे यांनी तिच्याकडे प्रमाणपत्र मागितलं नाही. टेबलावरचा कोरा कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "विहीर काढा."

"कशी?"

"कशी म्हणजे? खोल."

तिने विहिरीचा उभा छेद काढला आणि खोलीचं माप काठापासून खाली लिहिलं. उंद्रे खुर्चीत मागे टेकले. मांजरी गावातल्या त्यांच्या मळ्यात तीन विहिरी होत्या आणि तिन्हींची खोली घरातला प्रत्येक माणूस काठापासूनच सांगत आला होता. इंजिनिअरिंगला गेल्यावर मास्तरांनी तळापासून वर मोजायला शिकवलं. ते त्यांनी परीक्षेपुरतं पाळलं आणि सोडून दिलं.

"आयटीआयमध्ये असं शिकवतात?"

"नाही. पण आमच्या चाळीमागे बुजवायला काढलेली विहीर होती. तिचा तळ कुणी पाहिलाच नव्हता. मोजणार कुठून?"

उद्यापासून या, असं उंद्रे म्हणाले. ही १९९४ सालची गोष्ट.

वासंती विश्रांतवाडीची. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. वडील खडकीच्या कारखान्यात फिटर होते. घरात भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि वडिलांची मोजपट्टी. पट्टीला हात लावायचा तर आधी हात पुसायचे, असा घरचा नियम होता. मुलीने टेबलावर बसून रेषा काढायचं काम धरलं तेव्हा शेजारच्या बायका आईला विचारायच्या, रेषा काढायचे पण पगार मिळतात का हो? आई म्हणायची, सरळ काढल्या तर मिळतात.

उंद्रे असोसिएट्स म्हणजे आळंदी रस्त्यावर सायकलच्या दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि सहा माणसं. इमारतीत जे दिसत नाही ते आमचं, असं उंद्रे सांगायचे. पिण्याचं पाणी, सांडपाणी, विजेच्या तारा, थंड हवेचे मार्ग, आग विझवायची व्यवस्था, सगळं कागदावर आखून द्यायचं आणि साईटवर जाऊन तपासायचं. कचेरीचे नियम लिहिलेले नव्हते, पण सहाही जणांना पाठ होते. टाकीचं माप वरून. आणि ड्रॉइंग ज्याचं, चाचणीच्या दिवशी सर्वांत वरच्या मजल्यावर आगीच्या पाण्याची नळी त्याच्या हातात. आपण कागदावर चढवलेलं पाणी खरोखर वर येतं का, ते अंगावर घेऊन बघायचं.

तिसरा नियम वासंतीने आणला. पहिल्याच चाचणीला तिने पाहिलं, टाकी धुवायला रिकामी करतात आणि हजारो लिटर पाणी गटारात जातं. कुंपणापलीकडे बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. ती स्वतः दहावीपर्यंत सार्वजनिक नळावर पहाटे नंबर लावून शाळेत गेलेली. तिने उंद्रे यांना विचारलं नाही, नळीचं तोंड सरळ कुंपणावरून पलीकडे टाकलं. साईटचा सुपरवायझर तावातावाने आला. पाणी कुणाच्या परवानगीने, असं त्याने विचारलं. गटाराला कुणाची परवानगी घेतली होती, असं तिने विचारलं. उंद्रे मध्ये पडले नाहीत. तेव्हापासून चाचणीच्या आणि टाकी धुण्याच्या दिवशी शेजारच्या वस्तीला आधी निरोप जायचा आणि पिंपांची रांग लागायची.

मग शहराला घाई झाली. ज्वारीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या. कचेरीत दोन संगणक आले. वासंतीने संध्याकाळचा क्लास लावून संगणकावर ड्रॉइंग काढायचं शिकून घेतलं, आणि पेन-शाईचा डबा कपाटावर गेला. २००३ मध्ये खराडीत सहा मजल्यांची इमारत झाली. परदेशातल्या ग्राहकांचे फोन घेणारी एक कंपनी तिथे आली. टाकीचं ड्रॉइंग वासंतीचं होतं. चाचणीच्या दिवशी सहाव्या मजल्याच्या गच्चीत नळी तिनेच धरली. धार अशी सुटली की ती दोन पावलं मागे सरकली. अग्निशमन दलाचा दाखला मिळाला. नाल्यापलीकडच्या वस्तीतली सगळी पिंपं भरून पाणी वर ओसंडलं.

पुढच्या एप्रिलमध्ये टाकी धुवायची होती. वस्तीची रांग नेहमीप्रमाणे चंपाबाईंच्या ताब्यात होती. साठी उलटलेली बाई, पण तिच्या आवाजापुढे कुणाचं पिंप पुढे सरकत नसे. अर्धी रांग झाली आणि नळी खाकरली. पाणी संपलं.

चंपाबाई कुंपणाशी आल्या. "वासंतीताई, गेल्या साली पाणी ओसंडलं, बंद करा म्हणून तुम्हीच सांगितलंत. औंदा तिसऱ्या गल्लीतच खडखडाट. टाकी आटली का आमची माणसं वाढली?"

"उन्हाळा आहे, मावशी. टाकी भरलेली नसेल."

"नसेल, की नाही?"

वासंती टाकीत शिडीने उतरली.

ही जमिनीखालची टाकी तीन मीटर खोल होती. त्यातलं वरचं एक मीटर पाणी रोजच्या वापराचं. खालचं दोन मीटर आगीसाठी राखलेलं, त्याला एरवी कुणी हात लावायचा नाही. त्यासाठी कुलूप नसतं. रोजच्या पंपाची नळी टाकीत एकच मीटर खाली सोडायची. पाणी तिच्या तोंडाखाली गेलं की पंपाला ओढायला काही उरत नाही, इमारतीतले नळ बंद पडतात आणि राखीव पाणी आपोआप राखलं जातं. वासंतीने टेप लावला. नळी वरून दोन मीटर खाली आली होती. तळापासून बरोबर एक मीटरवर तिचं तोंड होतं. आगीसाठी राखलेलं निम्मं पाणी इमारत वर्षभर रोज वापरत होती. वर्षापूर्वी टाकी काठोकाठ भरलेली असताना पाण्याखालचं हे तोंड कुणालाच दिसलं नव्हतं.

तिने वर येऊन ड्रॉइंग उलगडलं. नळीपाशी लिहिलं होतं, एक मीटर. एवढंच. हाताने काढायची तेव्हा काठापासून खाली बाण काढायची. संगणकावर तो राहून गेला, कारण कचेरीत माप वरून असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. फिटर बाहेरचे होते. त्यांनी जगाच्या रीतीने तळापासून मोजलं.

कचेरीत उंद्रे यांनी कागदावर बाण शोधला. मग म्हणाले, फिटरने विचारायला हवं होतं.

"हवं होतं," वासंती म्हणाली. "आपण सांगायलाही हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दोघं बिल्डरकडे गेले. बिल्डरच्या वतीने पृथ्वीराज बसायचा. वय सत्तावीस, परदेशातून शिकून आलेला, बोलायला गोड. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि जुलैत बघू म्हणाला. नळी आता कापली तर रोजच्या वापराला उरणार वरचं एक मीटर, म्हणजे दुपारी तीनलाच नळ कोरडे. या उन्हाळ्यात टँकर वेळेवर येत नाहीत. कंपनी ओरडेल. पाऊस पडू द्या, मग कापू.

"आगीला तसं कळवलंय का?" वासंतीने विचारलं.

पृथ्वीराज हसला. "ताई, दाखला आहे आपल्याकडे."

"दाखल्याने काही विझत नाही."

"तुम्ही इंजिनिअर नाही ना? आयटीआय?"

"हो. आम्हाला मोजायला शिकवतात."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्याने मान उंद्रे यांच्याकडे वळवली. "उंद्रे साहेब, पुढच्या दोन टॉवरचं काम तुम्हालाच द्यायचं चाललंय. तुमच्या बाईंना जरा समजावा."

परतीच्या वाटेवर येरवडा आला. उंद्रे गाडी चालवता चालवता म्हणाले, "सहा घरं चालतात या कचेरीवर, वासंतीबाई."

"सहाव्या मजल्यावर तीनशे पोरं बसतात, सर. चंपाबाईंची नात निकिता त्यांच्यातच आहे. चार नकार पचवून लागलीये."

उंद्रे यांनी गिअर बदलला.

त्या दिवशी वासंतीने पत्र लिहिलं. एक प्रत कंपनीला, एक अग्निशमन दलाला, एक बिल्डरला. या इमारतीच्या टाकीत आगीसाठी राखलेलं निम्मं पाणी रोजच्या वापरात जात आहे, ही चूक माझ्या ड्रॉइंगमधली आहे, वार्षिक चाचणी येत्या शनिवारी सकाळी दहाला सर्वांसमक्ष घेत आहोत, कृपया घड्याळ घेऊन यावे. खाली स्वतःची सही केली आणि शेजारी उंद्रे यांच्यासाठी जागा सोडली.

पत्र दुपारभर त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. सही केली नाही. फाडलंही नाही. पाच वाजता वासंतीने कागद उचलले.

"फाडा म्हणालात तर मी पुन्हा लिहीन, सर. तेवढं सांगून ठेवते."

"मला ठाऊक आहे," उंद्रे म्हणाले.

घरी तिचा नवरा समाधान भाजी निवडत होता. त्याने विचारलं, नोकरी राहील का? तिने सांगितलं, माहीत नाही. तो म्हणाला, मग कोथिंबीर जरा जपून वापरतो. ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

धुतल्यावर टाकी पुन्हा भरली होती, आणि शनिवारपर्यंत इमारतीने तिच्यातून रोजचं पाणी ओढलं होतं. म्हणजे आग लागली असती तर जितकं पाणी मिळालं असतं, तितकंच त्या क्षणी टाकीत होतं. चाचणीत पाणी संपलं आणि खरीच आग लागली तर म्हणून भरलेला टँकर दारात उभा होता, तोही वासंतीनेच मागवलेला. आवारात तीन नळ्या वस्तीच्या पिंपांकडे सोडल्या होत्या, चौथी गच्चीत. हिशोब सोपा होता. चारही नळ्या पूर्ण जोरात पाऊण तास चालायला हव्या होत्या.

कंपनीचे व्यवस्थापक आले. ते निवृत्त सुभेदार होते, मनगटावर जाडजूड घड्याळ. दलाचा अधिकारी आला. जिन्यात ओळखपत्रं गळ्यात घातलेली पोरं जमली, त्यांच्यात निकिता. पृथ्वीराज सगळ्यांत शेवटी आला आणि हळू आवाजात म्हणाला, हा तमाशा कशाला, ताई, फोनवर मिटलं असतं.

"तुमच्या चहावर जुलै निघाला होता."

तिने नळी उचलली. पाणी भरलेली नळी एका माणसाला झेपत नाही, मागून कुणीतरी धरावी लागते. कचेरीतलं कुणी आलं नव्हतं. सुभेदारांनी बाह्या सरसावल्या, तेवढ्यात जिन्यातली पोरं बाजूला झाली. लिफ्ट बंद होती. सहा मजले चढून उंद्रे आले होते, घामाने निथळत. त्यांनी वासंतीच्या मागे नळी काखेत घेतली.

पृथ्वीराज पुढे झाला. "उंद्रे साहेब, तुम्ही? पत्रावर तर तुमची सही नाही."

उंद्रे यांना धाप लागली होती आणि धापेत मांजरीची बोली बाहेर आली. "पत्रावर न्हाय. ड्रॉइंगवर हाय. तपासणारा म्हणून माझीच सही हाय. पंप चालू करा."

धार सुटली. खाली चंपाबाईंची रांग हलू लागली. दहा मिनिटं झाली. पोरं मोबाईल काढून वेळ बघू लागली. पंधरा झाली. पृथ्वीराज घड्याळाकडे बघायचं टाळत होता, आणि त्यामुळे सगळे त्याच्याकडेच बघत होते. विसाव्या मिनिटाला नळी वासंतीच्या हातात थरथरली. एकविसाव्याला धार वाकली, कठड्यावर पडली, मग तिच्या चपलांवर, आणि थांबली. खालून पंपाचा घरघराट आला, आणि कुणीतरी तो बंद केला.

सुभेदारांनी घड्याळ दाखवलं. "एकवीस. बाकीचं पाणी कुठे गेलं?"

पृथ्वीराजने उंद्रे यांच्याकडे पाहिलं. उंद्रे यांनी वासंतीकडे.

"तुमच्या संडासात, साहेब," वासंती म्हणाली. "वर्षभर. माझ्या ड्रॉइंगमुळे."

जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक निकिताच. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी पृथ्वीराजला विचारलं की टाकीतली रोजच्या पंपाची नळी कापायला किती वेळ लागतो. तो काही बोलायच्या आत वासंतीने सांगितलं, चाळीस मिनिटं, करवत खाली आणून ठेवली आहे.

"मग आजच कापा. पोरांना पाणी कमी पडलं तर मी टँकर बघतो. आग लागली तर मी काय बघू?"

नळी साडेअकराला कापली गेली.

पुढचे दोन टॉवर दुसऱ्या फर्मला गेले. दोन वास्तुविशारदांनी फोन करणं सोडलं. तिसऱ्याने मात्र फोन करून विचारलं, तीच का ती बाई, आणि मग स्वतःच्या इमारतीची टाकी मोजून घेतली. वासंतीने बाण विसरलेली आणखी दोन ड्रॉइंगं शोधून काढली. एका टाकीत नळी बरोबर होती, एकीत नव्हती. तीही कापली. वर्षभर कचेरी सोसायट्यांच्या लहान कामांवर चालली. सहापैकी एकही माणूस कमी झाला नाही, पण चहा दोनदाऐवजी एकदा झाला.

त्याच सुमारास उंद्रे एकदा म्हणाले की आता जगासारखं तळापासून मोजू या, भांडण नको.

"माप चुकलं नव्हतं, सर," वासंती म्हणाली. "बाण नव्हता. बाण काढू." आणि तेव्हापासून त्या कचेरीच्या प्रत्येक टाकीवर काठापासून खाली येणारा बाण असतो, अंगठ्याएवढा जाड. फिटर त्याची चेष्टा करतात. पण नळी बरोबर लावतात.

खराडीच्या टाकीतून कापलेला नळीचा तुकडा तिने मागून आणला. बरोबर एक मीटर. कचेरीत आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर तो आडवा ठेवला आहे. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, असं उंद्रे यांनी एकदा सुचवून पाहिलं. वासंतीने दोन्ही खिळे आणखी खोल ठोकले.

नवा ग्राहक येतो, खुर्चीत बसता बसता वर बघतो आणि विचारतो, "हे काय लावलंय?"

"माझी चूक," वासंती सांगते. "बसा. तुमची टाकी किती खोल आहे?"