पडद्यावर काय लिहिलंय

ऑपरेटरांचा कम्प्युटर सुरू होताना आधी पंखा घरघरतो, मग बारीकसं ‘टुं’ होतं आणि चहाचे दोन घोट होईपर्यंत आतला बोलका आवाज कानावर येतो. त्या सकाळी पंखा फिरला, टुं झालं आणि पुढे नुसती घरघर. त्यांनी बटण दाबून तो बंद केला, पुन्हा सुरू केला. तेच.

“अगं, जरा पडद्यावर काय लिहिलंय बघ,” त्यांनी बायकोला हाक मारली.

बायको, म्हणजे सगळ्या इमारतीच्या काकू, हात पुसत आल्या आणि पडद्यासमोर वाकल्या. “निळा झालाय. वर पांढरी अक्षरं आहेत.”

“नंबर सांग. आधी शून्यंच शून्यं असतील. शेवटी काय आहे?”

काकू जरा थांबल्या. “एक, ए.”

“म्हणजे मेमरी!” ऑपरेटर म्हणाले, आणि त्यांना जवळजवळ आनंदच झाला. रोग कळला की निम्मं काम झालं, असं ते मानत.

ऑपरेटर जन्मापासून आंधळे. ‘दृष्टिहीन’ वगैरे म्हटलेलं त्यांना आवडत नाही. “आंधळ्याला आंधळा म्हणा, फोन पटकन लागतो,” असं ते सांगत. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, तिथूनच ‘ऑपरेटर’ हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर त्याच रुग्णालयाने त्यांना घरबसल्या टायपिंग दिलं. डॉक्टर तपासणीचा अहवाल बोलून ठेवत, हे ऐकून टाइप करत, आणि कम्प्युटर टाइप केलेलं त्यांना वाचून दाखवी.

तो कम्प्युटर त्यांनी स्वतः सुटे भाग आणून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बोटांनी चाचपत जोडला होता. तयार आणलेल्या डब्यात कुठे काय आहे हे हाताला माहीत नसतं, हे त्यांचं कारण. बिघाड झाला की तेच उघडत. डोळे लागत ते फक्त दोन ठिकाणी. प्रोसेसर कुठल्या बाजूने बसवायचा त्याची खूण म्हणून एका कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण छापलेला असतो, तो बोटाला लागत नाही. आणि बोलका आवाज सुरू होण्याआधी पडद्यावर जे उमटतं ते कुणीतरी वाचावं लागतं. दोन्ही कामं काकूंची.

काकू तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायला होत्या. डोळ्यांत तेल घालून काम करायचं म्हणजे काय, ते त्यांना सांगायला लागलं नाही. लग्न ठरलं तेव्हा त्यांची आत्या म्हणाली होती, “अगं, मग नटून उपयोग काय तुझा?” काकू म्हणाल्या, “तेवढाच वेळ वाचला.”

पण त्या सकाळी काकूंनी नंबर वाचला नव्हता. त्यांना तो दिसलाच नव्हता. गेलं वर्षभर त्यांच्या नजरेच्या बरोबर मध्ये एक मळकट डाग पडला होता. आधी डाव्या डोळ्यात, मग थोडा उजव्यातही. कडेचं दिसे, म्हणून भांडी सापडत, माणसं अंगकाठीवरून ओळखू येत. ज्याच्याकडे बघावं तेच मात्र पुसलं जाई. पडदा निळा आहे, अक्षरं पांढरी आहेत, इतकं त्यांना कळलं. ‘एक ए’ आला तो आठवणीतून. काही वर्षांपूर्वी असाच निळा पडदा आला होता, तेव्हा काकूंनी एकेक आकडा वाचला होता, ऑपरेटरांनी मेमरीची पट्टी बदलली होती आणि तो किस्सा आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवला होता. तेच दुखणं असणार, असं धरून त्यांनी तोच नंबर सांगितला.

डोळ्यांचं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, कारण मुलीने एक गोष्ट पूर्वीच ठरवून टाकली होती. मुलगी दुसऱ्या गावी असते. “आई धडधाकट आहे तोवर राहा तिकडे. तिला काही झालं तर दोघांनी माझ्याकडे यायचं. तेव्हा बाबा, मी एक शब्द ऐकणार नाही.” ऑपरेटर हसून हो म्हणाले होते. स्वतःच्या दोन खोल्यांत, जिन्यावर, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ते काठीशिवाय फिरत. मुलीकडे राहायला गेले की पाण्याच्या पेल्यापासून सगळं मागून घ्यावं लागे, आणि परतल्यावर ते दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. आपले डोळे गेले की यांचं घर गेलं, एवढा सरळ हिशेब काकूंनी मांडला होता.

ऑपरेटर कामाला लागले. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, एकच लावून पाहिली, मग दुसरी, मग खाच बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. दर वेळी हाक जाई, “काय म्हणतोय?” आणि उत्तर येई, “तेच. एक ए.” नवी पट्टी आणली. तेच. वीजपुरवठ्याचा डबा बदलला. तेच. साप साप म्हणून भुई थोपटणं चाललं होतं, पण ऑपरेटरांना शंका आली ती भागांची, बायकोची नाही. रुग्णालयातून दोनदा विचारणा झाली. शेवटी त्यांनी मुख्य बोर्डच बदलायचं ठरवलं. त्यासाठी जुन्यावरचा प्रोसेसर काढून नव्यावर बसवावा लागतो.

त्यांनी तो कडांना धरून अलगद उचलला आणि तळहातावर ठेवून पुढे केला. “हं, त्रिकोण कुठल्या कोपऱ्यात आहे सांग.”

काकू तो घेऊन खिडकीशी गेल्या. मान वाकडी करून, कोंबडीसारखं एका बाजूने बघितलं. दुसऱ्या बाजूने बघितलं. उलटा बसला तर खालच्या बारीक पिना वाकतात आणि सगळंच कामातून जातं, हे त्यांना माहीत होतं. नंबर ठोकून देता आला होता. इथे तसं करायला मन धजेना.

“अहो, हे दुकानात करून घेऊ या.”

“दुकानात? हा डबा? मी जिवंत असताना?”

“माझे हात थरथरतात आजकाल.”

“तू नुसतं सांगायचंय. हात माझे आहेत.”

“एकदा तरी ऐका हो माझं!”

त्या सहसा आवाज चढवत नसत. ऑपरेटरांनी प्रोसेसर फडक्यात गुंडाळला आणि दोघांनी डबा दुकानात नेला.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराशी त्यांची जुनी ओळख. त्याने नवा बोर्ड बाजूला ठेवला, प्रोसेसर जुन्यावरच परत बसवला आणि कम्प्युटर आधी आहे तसा सुरू केला. पडदा निळा झाला.

“काका, मेमरी कुणी सांगितली तुम्हाला? इथे सात-बी आहे. डिस्क सापडत नाही म्हणतोय.” त्याने आत हात घालून काहीतरी दाबलं. “ही बघा, डिस्कची केबल सैल. अहो, हल्याला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन झालं की हे!”

तो मोकळेपणाने हसला. पंखा फिरला, टुं झालं, आणि बोलका आवाज आला.

“ही बरोबरच सांगत होती,” ऑपरेटर म्हणाले. “मीच चुकीचं ऐकलं.”

“तुमचे कान आणि चुकणार?”

“वय झालं रे.”

काकू गल्ल्यापाशी उभ्या होत्या.

घरी जाताना ऑपरेटरांचा हात नेहमीसारखा काकूंच्या कोपरावर होता. पदपथाची कड आली की काकू थबकतात, आधी पाऊल पुढे सरकवून कड चाचपतात आणि मग उतरतात, हे त्या हाताला कळलं. आयुष्यभर ते स्वतः असेच उतरत आले होते.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“काय कधीपासून?”

“मी आंधळा आहे, बहिरा नाही.”

काकू चालत राहिल्या. मग म्हणाल्या, “गेल्या हिवाळ्यापासून. मधलं काही दिसत नाही. तुमच्याकडे बघितलं की नुसते दोन कान दिसतात.”

ऑपरेटर हसले, आणि मग त्यांचं हसू थांबलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना ते आवाजाने ओळखत होते. त्यांचेच अहवाल ते टाइप करत. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, बराच वेळ तपासलं. डाव्या डोळ्यात आता काही करता येण्यासारखं नव्हतं. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन दिलं तर आहे तेवढं काही काळ टिकेल, असं ते म्हणाले. “सुरुवातीलाच आला असता तर...” एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. “पहिल्यांदा काय जाणवलं होतं, आठवतंय?”

“दाराची चौकट वाकडी दिसायला लागली होती,” काकू म्हणाल्या. “यांना सांगितलं होतं मी.”

सांगितलं होतं. ऑपरेटर तेव्हा उठले होते, चौकटीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला होता आणि म्हणाले होते, “सरळ आहे. सुताराआधी तुलाच तासायला हवं.” दोघं हसलेही होते. ‘सरळ रेषा वाकड्या दिसतात’ हे वाक्य या डॉक्टरांच्या अहवालांत इतक्यांदा येई, की वेळ वाचवायला त्यांनी ते दोन कळांवर बांधून ठेवलं होतं. दोन कळा दाबल्या की पूर्ण वाक्य उमटे.

हे त्यांनी तिथे सांगितलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, “तुम्हाला काय माहीत, माझं आहे म्हणून.”

घरी पोचल्यावर त्यांनी फोन हातात घेतला.

“नका सांगू तिला,” काकू म्हणाल्या. “एक डोळा आहे ना अजून. गॅस दिसतो, जिना दिसतो. सांगितलंत की संपलं इथलं.”

“दर महिन्याला दवाखान्यात तुला नेणार कोण? मी?”

ऑपरेटरांनी मुलीचा नंबर लावला.

मुलगी आली. रागावली नाही, त्यामुळे वाद घालायलाही काही उरलं नाही. तिने कपाटं रिकामी केली. काकू कुठली वस्तू कुठे ते सांगत राहिल्या, न बघता, आणि एकदाही चुकल्या नाहीत. कम्प्युटर ऑपरेटरांनी स्वतः उघडला आणि भाग वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळले. मुलीच्या घरी तो परत जोडताना जावयाने त्रिकोण दाखवला. “हा काय इथे,” तो म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. पहिल्याच बटणाला कम्प्युटर बोलू लागला.

ऑपरेटरांनी काकूंना शिकवायला घेतलं. पुढे लागेल म्हणून.

“हा तुमचा माणूस बोलतोय की लाह्या फुटतायत?” काकू म्हणाल्या. ऑपरेटर तो आवाज इतक्या वेगाने ऐकत, की दुसऱ्या कुणाला एक शब्द लागत नसे. त्यांनी वेग कमी केला. आणखी कमी केला. काकू काही दिवस कळांवरची उंचवट्याची खूण चाचपत बसल्या. मग एकदा त्यांनी हात मांडीवर घेतले. “नाही जमत मला. सगळा जन्म बघून काम केलं मी.”

“राहू दे,” ऑपरेटर म्हणाले. वेग त्यांनी परत वाढवला नाही. कामाला आता जास्त वेळ लागतो.

इंजेक्शनच्या दिवशी मुलगी आईला घेऊन जाते. जाताना बजावते, “बाबा, कुणी आलं तर आधी कोण म्हणून विचारा.” दार लागतं आणि ऑपरेटर त्या घरात एकटे उरतात. दारापर्यंतचा रस्ता त्यांना माहीत आहे. दारापलीकडे जिना कुठल्या हाताला आहे, रस्ता किती लांब आहे, कोपऱ्यावर दुकान आहे की नाही, हे अजून त्यांना माहीत नाही. त्यांनी कुणाला विचारलेलंही नाही.