सेंट क्रॉयचं राहिलेलं जेवण

आई गेली तेव्हा मी ट्रॉयमध्ये होते. ट्रॉय म्हणजे मिशिगनमधलं, डेट्रॉइटजवळचं. पासपोर्टवरच्या माझ्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. भारतात गेले असते तर नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता आलं नसतं आणि नोकरी गेली असती. आई शेवटचे बारा दिवस नागपूरच्या दवाखान्यात होती आणि बाराही दिवस मी वकिलाला ईमेल करत बसले. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. विचारलं कुणी, तर "तिकीटच मिळालं नाही" म्हणते.

पुढच्या हिवाळ्यात बाबांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. दरवर्षी त्यांनी असंच यावं, असं माझ्या मनात होतं. त्यांचं आता दुसरं कोण आहे, आणि खरं सांगायचं तर मला कुठेतरी भरपाई करायची होती. पण बाबा म्हणजे तालुक्याच्या गावातले रिटायर्ड पोस्टमास्तर. पोस्टाच्या खिडकीपलीकडच्या माणसाची विचारपूस करण्यात हयात गेली. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीत, माणूस दिसतो तो गॅरेजचं दार वर जाऊन खाली येईपर्यंत. बाबा टोपी, हातमोजे घालून फिरायला जायचे, जाणाऱ्या गाड्यांना हात करायचे आणि परत येऊन खिडकीशी बसायचे. दीड महिन्यातच त्यांनी विचारलं, "तिकीट अलीकडचं करता येते का गं?"

मी घाबरले. आता हे गेले की पुन्हा येणार नाहीत, हे मला कळत होतं. म्हणून ट्रिप काढली. शिक्क्याशिवाय देशाबाहेर गेलं तर परत येता येत नाही, पण सेंट क्रॉय हे कॅरिबियन बेट अमेरिकेचंच आहे. आमच्यासारखे पुष्कळ जण परदेशाची हौस अशी घरातल्या घरात भागवून घेतात. "ट्रॉयहून क्रॉयला," असं म्हणून नवऱ्याने आपल्याच विनोदावर आठवडाभर हसून घेतलं. मी एक्सेल शीट केली. पाच दिवस, तासातासाचे रकाने, पावसाची शक्यता धरून पर्यायी रकाने. थेपले, मेतकूट आणि छोटा राइस कुकरही घेतला.

तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात हे पाहूनच बाबा खूश झाले. "अमेरिकेत एक तरी जागा शहाणी निघाली," म्हणाले.

आम्ही घेतलेल्या घराजवळच्या वळणावर एका बाईंची फळांची टपरी होती. बाबांच्याच वयाच्या, उंच, डोक्याला रुमाल बांधलेल्या. पहिल्या सकाळी मी घाईत गेले आणि म्हटलं, "पाण्याच्या बाटल्या आहेत का?" बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." मी पुन्हा विचारलं, पाणी आहे का? पुन्हा "गुड मॉर्निंग." मला वाटलं, ऐकू कमी येतं. तेवढ्यात मागून बाबा आले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम. हाऊ आर यू?" बाईंचा चेहरा एकदम खुलला. पाणी तर मिळालंच, वर बसायला स्टूलही मिळालं.

त्या बेटावर तशीच रीत आहे हे नंतर लक्षात आलं. दुकानात शिरा, बसमध्ये चढा, बँकेच्या रांगेत उभे राहा, आधी सगळ्यांना मिळून नमस्कार करायचा, मग कामाचं बोलायचं. संध्याकाळ उलटली की भेटतानाच "गुड नाइट" म्हणतात. आम्ही पर्यटक मंडळी नुसती हव्या असलेल्या वस्तूचं नाव घेऊन उभी राहतो आणि वर म्हणतो, इथले लोक आखडू आहेत. बाबांनी घरी येऊन मला झापलं. "दारात गेल्यावर आधी माणसाकडे पाहावं, एवढं तर आम्ही शिकवलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्या शीटमधून निसटले. सकाळी सहालाच इस्त्रीचा शर्ट घालून टपरीवर हजर. वस्तीतली माणसं कामावर जाता जाता थांबायची, बाबा प्रत्येकाला गुड मॉर्निंग करायचे, तीही नाव-गाव विचारायची. झाडाच्या सालीचं एक कडू सरबत त्यांनी पिऊन पाहिलं आणि "हा तर आपला काढा" असं जाहीर करून दुसरा ग्लास मागितला. नाश्त्याला घरी बोलवायला मलाच जावं लागायचं. मला हे आवडत होतं, आणि थोडा रागही येत होता. इतक्या दिवसांत माझ्या घरी हा माणूस एकदा असा हसला नव्हता.

शुक्रवारी मी त्यांना बोलवायला गेले तेव्हा बाबा नळावर हात धूत होते. बाईंनी माझ्या हातावर चिंचेचा एक साखरेत घोळलेला गोळा ठेवला. म्हणाल्या, "तुझी आई यात जिरं घालायची म्हणे. मी घालून बघणार आहे." मी गोळा तोंडात टाकला. माझ्या घरात बाबांनी आईचं नाव काढलं नव्हतं. बाई पुढे बोलत होत्या. "शेवटी शेवटी उशीशेजारी फोन ठेवायची, तुझा आला तर पटकन घेता यावा म्हणून. तुझे वडील सांगत होते."

हे मला माहीत नव्हतं. मी रोज एकदा फोन करायचे, माझ्या ऑफिसच्या वेळा सांभाळून. मधल्या वेळात तो फोन कुठे असतो, असा विचार मी कधी केला नव्हता. गोळा तोंडात तसाच राहिला. बाबा हात पुसत आले आणि बाई म्हणाल्या, "रविवारी चर्चनंतर माझ्या घरी जेवायला या. मुली येतात, नातवंडं येतात. तुमच्यासाठी मासे न घालता वेगळं करीन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडभर हसून म्हटलं, "शुअर, शुअर! डेफिनेटली येऊ."

आपल्याकडे असंच म्हणतात. कुणी म्हणतं, या एकदा जेवायला. आपण म्हणतो, येऊ की. दोघांनाही ठाऊक असतं की कुकर कुणी लावणार नाही. नाही म्हणून तोंडावर दुखवण्यापेक्षा हो म्हणून वेळ मारून न्यावी, हे मी लहानपणापासून पाहत आले. इकडे ट्रॉयच्या मराठी मंडळींतही आम्ही पार्किंग लॉटमध्ये उभं राहून एकमेकांना इतक्यांदा जेवायला बोलावलंय की खरंच गेलो तर गोंधळ उडेल.

शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"बाबा, उद्या बोट आहे. शेजारच्या बेटावर जायचंय, मासे बघायला."

"काहून? आपण हो म्हटलं ना त्यांना?"

"तसं म्हणतात हो. त्याही फॉर्मॅलिटी म्हणूनच बोलल्या असतील."

"तिनं वेगळं करीन म्हटलं," बाबा म्हणाले. "फॉर्मॅलिटीत कोणी वेगळं करते का?"

नवराही मध्ये पडला. "अगं यार, बोट कॅन्सल करू. निदान सकाळी जाऊन सांगून तरी येऊ." मी म्हटलं, बोट आता कॅन्सल होत नाही, आणि सांगायला गेलं तर उगाच ऑकवर्ड होईल. बोटीचं खरंही होतं, पण ते कारण नव्हतं. त्या टेबलाभोवती बसून बाबा आईबद्दल अजून काय काय सांगतील, आणि मला ते दहा-पंधरा अनोळखी माणसांमध्ये पहिल्यांदा ऐकावं लागेल, याची मला भीती वाटत होती. ही गोष्ट मी त्या दिवशी स्वतःलाही कबूल केली नाही.

रविवारी बाबा बोटीवर आले, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. आम्ही पाण्यात उतरलो, रंगीत मासे पाहिले, फोटो काढले. बाबा बाकावर बसून होते. दोन वाजता त्यांनी घड्याळ पाहिलं, तीनला पुन्हा पाहिलं. मी डबा उघडून थेपला दिला तर म्हणाले, "भूक नाही."

सोमवारी परतीचं विमान. त्या बेटावरून निघताना परदेशी नागरिकांचे कागद तपासतात, आणि आदल्या रात्री मी सगळे कागद दोनदा लावून पाहिले होते. कागदांची जाडजूड फाइल मांडीवर घेऊन मी पुढे बसले होते. वळण आलं. टपरी उघडी होती. बाबा मागून म्हणाले, "दोन मिनिटं थांबवा. माफी मागून येतो."

नवऱ्याने गाडी हळू केली. मी म्हटलं, "नको. विमानतळावर लाइन असते. काही झालं तर आपण अडकू. चल."

बाई दोन्ही हातांनी पपया रचत होत्या. आमची गाडी ओळखून त्या थांबल्या. बाबांनी काच खाली करून हात जोडले, पण तोवर आम्ही पुढे आलो होतो. बाईंनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी मान वळवली नाही.

तपासणीला चार मिनिटं लागली. अधिकाऱ्याने माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. मग दीड तास आम्ही गेटसमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो.

आज या गोष्टीला दोन वर्षं होतील. त्या दिवशी गाडी थांबवली असती तर पुढचं सगळं बदललं असतं, असं मी म्हणत नाही. पण थांबवायला हवी होती. एका बाईने आमच्यासाठी वेगळं भांडं चढवलं असणार आणि माझ्या बापाने दिलेला शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोडला, तो माझ्यामुळे.

ट्रॉयला परत आल्यावर आठवडाभराने बाबांनी तिकिटाचं पुन्हा काढलं. बाहेर बर्फ होता. मी चिडले, रडले, म्हटलं, "तिकडे एकटे काय करणार तुम्ही? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही, पोरी," ते म्हणाले. "पण तिकडं शेजारी आहेत, तुझ्या आईच्या मैत्रिणी आहेत. तिच्याबद्दल बोलता येते. इथं कोणाशी बोलू?"

"मी आहे ना!"

बाबांच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

"तू एकदा तरी विचारलं का, ती कशी गेली?"

मला तेव्हाही विचारता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच लॅपटॉप उघडला आणि त्यांचं तिकीट अलीकडचं करून दिलं.