कोपऱ्यातून ओढलेली दोरी

वालावलची आमची काजूची बाग तिकोनी. वडील गेल्यावर दादाने वाटणी केली. फाटकाच्या कोपऱ्यात उभा राहून तो म्हणाला, “कोपरो अर्धो केलो की जमीन अर्धी.” त्याच्याकडे रस्त्याची लांबलचक बाजू गेली, माझ्याकडे व्हाळाची, म्हणजे ओढ्याकडची आखूड. मी सही केली. माहेर तुटायला नको होतं.

वाटणीच्या रेषेवर गडगा, म्हणजे चिऱ्याची भिंत घालायला आलेला म्हातारा माझ्याशी एकदाच बोलला. चिरा बसवण्याआधी तो त्यावर बोटाने टकटक करून कान लावायचा. टेप वापरायचा नाही, सुंभाची दोरी दुमडून मोजायचा. शाळा सुटल्यावर मी गेले, तेव्हा तो फाटकाच्या कोपऱ्यासमोरच्या, मागच्या कुंपणापाशी दोरी दुमडून उभा होता. दादाने ठोकलेली खुंटी तिथून सात-आठ पावलं माझ्या बाजूला होती.

“बाये, ह्यो बारको वाटो तुझो?”

मी मान हलवली.

“कोपऱ्यातली दोरी हयसर, मधोमध इली आसती तर दोनय वाटे सारके झाले आसते. तुका कोणी सांगूक नाय?”

“नाही.”

त्याला माझी कीव आली असावी. दोरी गुंडाळत त्याने विचारलं, “तू करतंस काय?”

“घरीच असते,” मी म्हणाले.

त्याच दुपारी मी नववीला शिकवून आले होते. कोपऱ्यातून समोरच्या बाजूच्या मध्यावर जाणारी मध्यगा त्रिकोणाचे सारखे दोन भाग करते, कोनदुभाजक करेलच असं नाही. मुलींकडून दोनदा म्हणून घेतलं होतं.