साहेब येईपर्यंतचे आप्पा

रस्त्यावर गाड्यांचा धुरळा दिसला की वैजनाथआप्पा वाक्य अर्ध्यावर सोडत. माईक माझ्या हातात द्यायचा, टोपी नीट करायची आणि व्यासपीठामागच्या शिडीने उतरून जायचं, ही त्यांची कायमची रीत.

सिरसाळ्यात त्यांचं भुसार दुकान, माझं लाउडस्पीकरचं. आमच्या जिल्ह्यातून दिल्लीपर्यंत पोहोचलेल्या साहेबांची सभा असली की आप्पांकडे एकच काम: ते येईपर्यंत माणसं धरून ठेवणं. चारची सभा सातला सुरू होई. तोवर आप्पा बियाण्यांवर, गावात आलेल्या रंगीत टीव्हीवर बोलून लोकांना हसवत. कुणी धोतर झटकून उठलं की हाक येई, "उटू नका, सायेब यायलेत!"

एक गोष्ट मात्र त्यांनी राखून ठेवली होती. पहिली निवडणूक हरले त्या दिवशी साहेब आप्पांच्या दुकानात ज्वारीच्या पोत्यावर बसून रडले होते, आणि तिथंच भाकरी खाऊन पुन्हा गावं फिरायला निघाले होते. ती साहेबांसमोर, भरसभेत सांगायची, एवढीच आप्पांची इच्छा. "एकदा तरी त्येनी बसून ऐकावं बाबा," ते म्हणत. मग सांगा की तोंडावर, असं मी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "त्येंला टाइम कुटं हाय?" मला आप्पांचा रागच येई.

साहेब मंत्री झाले. पुढे सरकार गेलं, मग त्यांची जागाही गेली. घरोघरी केबल आली आणि मैदानं ओस पडू लागली. हरल्यानंतरच्या सभेला साहेब चक्क वेळेवर आले. आप्पा नुकतेच बोलायला उभे राहिले होते. साहेबांना पाहताच त्यांनी माईक माझ्याकडे दिला.

"बोला आप्पा, आज मला घाई नाही," साहेब म्हणाले.

"तुमी आलात की. आता माजं काय काम?" म्हणत आप्पा शिडी उतरलेसुद्धा. ही चूक त्यांना पुढे फार जाचली.

त्याच हिवाळ्यात साहेब आजारपणात गेले. बाजारतळावरच्या शोकसभेत आप्पांनी पहिल्यांदाच पुरी गोष्ट सांगितली. पोतं, रडणं, भाकरी, सगळं. गोष्ट संपली तरी ते थांबेनात. नजर रस्त्यावरच. मागे एक म्हातारा उठला, तशी आप्पांनी सवयीने हाक मारली, "उटू नका, सायेब यायलेत!"

कुणी हसलं नाही. म्हातारा मुकाट खाली बसला. आपण काय बोललो ते कळून आप्पा माईक धरून तसेच उभे राहिले. शेवटी मीच तो त्यांच्या हातून सोडवून घेतला. त्या दिवशी शिडी उतरायला त्यांना माझा खांदा लागला.