मुकुटबनच्या उफराट्या विहिरी

ताई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी यवतमाळच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो होतो. वसुधाताई म्हणजे माझी थोरली बहीण, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. डोळे मिटूनच ती म्हणाली, "अरुण, मुकुटबनच्या विहिरी उफराट्या झाल्या रे. तेवढ्या सरळ कर." मी तिच्या हातावर थोपटलं. "करतो हं, ताई." लहान लेकराला चांदोबा आणून देतो म्हणावं, त्या सुरात. बाहेर येऊन बायकोला म्हणालो, "भ्रम सुरू झाला आता." आणि... लिहायला लाज वाटते, पण जरासा हसलोही.

निवृत्तीनंतर तिनं एक खूळ डोक्यात घेतलं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या गाळाच्या खडकांचे थर, कोणावर कोण बसलाय ते, इंटरनेटवरच्या एका डेटाबेसमध्ये नोंदवायचं. मी तिला 'दगडांची जनगणना' म्हणून चिडवायचो. कधीमधी गाडी घेऊन सोबत जायचो, पण सावली धरून बसायचो. ती खाणीच्या तोंडाशी उभी राहून दगडाचा कपचा सरळ दाताखाली धरायची. कचकचला तर त्यात बारीक रेती, नाही तर निव्वळ चिकणमाती. "अगं, लोक बघताहेत," मी कुजबुजायचो. "मग त्यांनीही चावून बघावं," ती म्हणायची आणि थुंकून पुढच्या थराकडे वळायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता कशाची लाज वाटायला हवी होती आणि कशाची वाटत होती, याचा विचार मनातून जात नाही.

ताई गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तो विहिरींचा किस्सा ऐकवला. "शेवटी तिला काही कळत नव्हतं हो," असं म्हणून वर उसासा. मग त्या डेटाबेसवरचं तिचं खातं बंद करावं म्हणून एका दुपारी लॅपटॉप उघडला. मुकुटबनच्या नोंदी समोर आल्या आणि हात थांबला. काळी माती सगळ्यात खाली, तिच्यावर मुरूम आणि चुनखडी सगळ्यांच्या डोक्यावर! हा डेटाबेस थर खालून वर मोजतो, कारण जुना थर तळाशी असतो. खाणीत ताई पायथ्याशी उभी राहून वर बघत लिहायची, ते बरोबर जमायचं. विहिरीत मात्र माणूस वरून उतरतो. ती उतरत गेली, दिसेल तसं लिहीत गेली आणि तसंच भरलं. विहिरी खरंच उफराट्या झाल्या होत्या. ती पूर्ण शुद्धीत होती आणि मी तिला भ्रमिष्ट ठरवून गावभर सांगत सुटलो होतो.

डेटाबेसवाल्यांना कळवून मी दुरुस्तीला बसलो. माती वर, दगड खाली, त्यात अक्कल लागत नव्हती. एकच विहीर अडली. तिथं मातीची नोंदच नव्हती, नुसती तांबूस चुनखडी आणि करडी चुनखडी. खाली कोणती? ही एखादी ताईनं आधीच सरळ केली असेल, तर मी ती पुन्हा उफराटी करून ठेवणार. बसल्या जागी ते कळणार नव्हतं, म्हणून मुकुटबनला गेलो. विहिरीचे मालक श्रावणभाऊ बांधावरच भेटले. मी नाव सांगितलं.

"या ना भाऊ. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो."

"माझी?"

"ताई आलत्या ना उन्हाळ्यात, विहीर पुन्हा पाहाले. पायऱ्या उतरनं झालं नाही त्याइच्यानं. इथंच बसल्या घडीभर. म्हने, माहा भाऊ येईन. त्याले एकदा सांगतलं का तो करतेच."

उन्हाळ्यात ती एकदा कुठूनशी दमून आली होती आणि तिनं अंथरूण धरलं होतं. कुठून आलीस, एवढंही मी विचारलं नव्हतं.

श्रावणभाऊ माझ्याकडे बघत होते. "काहून भाऊ, सांगतलं नव्हतं काय त्याईनं तुमाले?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. चपला काढल्या आणि खाली मान घालून विहिरीत उतरलो.