शितांनी चिकटवलेलं पान

रखमामावशींना उभ्या आयुष्यात एकटीनं झोपायचा योग आला नव्हता. माहेरी परभणीकडं एका खोलीत नऊ जणं, लग्नानंतर सासूनणंदांच्या कुशीला कुशी लावून, आणि आता कोपरखैरण्याच्या दीड खोलीत मुलगा आकाश, सून, दोन नातवंडं. दिवसा त्या नेरूळच्या बालसंस्थेत मावशी होत्या. वीस वर्षांत शंभरेक पोरं त्यांनी पायांवर घेऊन झोपवली असतील. भिंतीला टेकून पाय लांब करायचे, दोन पायांच्या खोबणीत पोर निजवायचं आणि पाय हलवत थोपटत राहायचं. पोराला झोपायला पाळणा लागत नाही, माणूस लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

मैत्री नावाची पोर त्यांच्याच पायांवर चार वर्षांची झाली. दोन दिवसांची असताना कुणीतरी तिला एका दवाखान्याच्या ओसरीत बाकावर झोपवून निघून गेलं होतं. रंगानं सावळी, डावं पाऊल जरासं आत वळलेलं. दत्तक घ्यायला जोडपी यायची, ‘गोड आहे हो, पण...’ म्हणायची आणि त्या ‘पण’वरच गाडी अडायची. एका बाईंनी तर ‘हिच्यापेक्षा जरा उजळ नाही का?’ असं विचारलं. "साडीचं दुकान हाय का ह्ये?" असं मावशी स्वयंपाकघरात बोलल्या, पण ते ऑफिसापर्यंत व्यवस्थित ऐकू गेलं.

देशात कुणी पुढं येईना, तेव्हा इटलीतल्या एका जोडप्यानं होकार कळवला. पाऊल वळलेलं आहे हे वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला, तिला कुठल्या रंगाचे बूट आवडतात? मावशींनी त्यांना तिथल्या तिथं पास करून टाकलं.

मग त्यांचा फोटोंचा अल्बम आला. मुलाला नव्या माणसांची ओळख व्हावी म्हणून तो रोज दाखवायचा असतो. संस्थेच्या ऋता मॅडमनी ते काम मावशींकडं दिलं. ही आई एलेना, हे बाबा मार्को, ही आजी, हा कुत्रा. पाचव्या पानावर पिवळ्या भिंतींची एक खोली होती. खोलीत एक छोटा पलंग, आणि खाली कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं, ‘मैत्रीची खोली’.

"आनि ही दोघं कुठं झोपत्यात?" मावशींनी विचारलं.

"पलीकडच्या खोलीत. तिकडं तशीच पद्धत आहे, मावशी. मुलं लहानपणापासून वेगळी झोपतात."

एकटं निजवलेलं पोर म्हणजे टाकलेलं पोर, एवढंच मावशी जाणत होत्या. बाकावरून उचललेली पोर पुन्हा एकटीच निजवायची? त्या दुपारी मैत्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी ताटातली चार शितं उचलली आणि ते पान पुढच्या पानाला चिकटवून टाकलं. पुढचे दोन महिने मैत्रीच्या जगात आई, बाबा, आजी, कुत्रा आणि कुत्र्यानंतर थेट समुद्र होता.

जानेवारीत ती दोघं आली. मैत्रीनं त्यांना दारातच ओळखलं, "आई! बाबा!" म्हणून बोट दाखवलं. एलेनाबाई हरखून खाली बसल्या आणि अल्बम उघडला. कुत्र्यापाशी आल्यावर त्या थबकल्या. पान जाड लागत होतं. त्यांनी नखानं उचकून पाहिलं, पण ती शितं मावशींच्या हातची होती.

पोरांनी केलं असं म्हणता आलं असतं. मावशींना खोटं बोलायची सवय नव्हती.

"मीच चिकटवलं," त्या म्हणाल्या. "आमच्यात लेकराला एकटं टाकत न्हाईत. सांगा मॅडम त्यांना."

ऋता मॅडमनी चाचरत इंग्रजीत सांगितलं. एलेनाबाईंचे डोळे भरून आले. त्या जे बोलल्या ते मॅडमनी मराठीत आणलं. तो रंग दोघांनी हातानं दिला होता. तीन वर्षं ती खोली रिकामी होती. त्यांच्याकडं मुलाला खोली द्यायची म्हणजे, तू येणार म्हणून आम्ही वाट बघत होतो, असं त्याला सांगायचं.

आपल्यासाठी कुणी कधी हातभर जागा राखून ठेवली होती का, हे मावशींना आठवेना. आणि आपण ती खोली शितांनी बुजवली! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ओलं फडकं आणून त्यांनी पान भिजवलं, हळूहळू सोडवलं. कोपऱ्यातली थोडी पिवळी भिंत निघून आली ती आलीच.

"बघ मैत्री, ही तुजी खोली. तुज्यासाठी रंगवली."

मैत्रीनं पलंग नीट न्याहाळला. "आनि मला पायावर कोन घेनार?"

मॅडमनी तेही सांगितलं. मार्कोभाऊंनी बूट काढले आणि भिंतीला टेकून फरशीवर बसत आपले लांबलचक पाय पसरले. मैत्री जाऊन त्यावर आडवी झाली.

"असं न्हाई, टाचा जुळवा," म्हणत मावशींनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. याला भाषांतर लागलं नाही. भाऊंचे पाय आधी खड्ड्यांतल्या रिक्षासारखे उडत होते. मैत्री खिदळली. मग लय सापडली आणि दहा मिनिटांत पोर गाढ झोपली. मावशी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या. जीव तुटत होता, पण घोर मिटला होता.

आठवड्यानं मैत्री लाल बूट घालून इटलीला गेली.

पावसाळ्यात तिकडून मैत्री कशी आहे याचा पहिला अहवाल आला, सोबत फोटो. ऋता मॅडमनी मावशींना बोलावून घेतलं. फोटोत दुपारची वेळ, तीच पिवळी खोली. जमिनीवर मोठी गादी पसरलेली, तिच्यावर आईबापांच्या मधोमध मैत्री तोंड उघडं टाकून झोपलेली. पलंगावर स्वच्छ चादर होती आणि चादरीवर पाय ताणून कुत्रा पडला होता.

मावशींनी फोटो जवळ नेला, लांब नेला, पदरानं डोळे पुसून पुन्हा पाहिला.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "पलंग कुत्र्याला दिला."