उत्तर यायला लागणारा वेळ

भोरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. मंगळाचा धडा आला की माझा एक ठरलेला खेळ असतो. एका मुलाला फळ्याजवळ उभं करायचं, एकाला शेवटच्या बाकाशी. हा पृथ्वीवर, तो मंगळावर. इकडून "जेवलास का?" एवढंच विचारायचं आणि उत्तर पार तास संपताना ऐकायचं. पोरांना दम धरवत नाही, मध्येच चुळबुळ सुरू होते. मग मी खेकसतो, "गप बसा, प्रश्न अजून वाटेत आहे."

हा खेळ पुढे माझ्याच घरात सुरू होईल असं वाटलं नव्हतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हिर्डोशीकडच्या आमच्या गावात अर्धांगाचा झटका आला. गावात एसटीचा भरवसा नाही आणि दवाखाना लांब, म्हणून त्यांना आणि आईला मी भोरला आणलं. हातपाय महिन्याभरात बरेच सुधारले. बोलणं मात्र मागे राहिलं. विचारलेलं आत पोचायचं, पण उत्तर उशिरा यायचं, आणि तो उशीर वाढतच चालला. सकाळी चहाच्या वेळी मी विचारलं, "साखर हवी का?" संध्याकाळी भाजी घेऊन आलो तर दारातच म्हणाले, "थोडी." आईनं उठून खरोखरच त्यांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

मेंदूचं असं असतं, मी आईला समजावलं. आपल्याला वाटतं, दिसलं त्याच क्षणी कळलं. पण धडधाकट माणसालाही कळायला क्षणाचा काही हिस्सा जातोच. आबांच्या डोक्यातला एक रस्ता खचलाय. वरंधा घाट पावसात बंद झाला की गाडी लांबून वळसा घालून कोकणात उतरते ना, तसं. म्हणून एकदाच विचारायचं आणि थांबायचं. परत परत विचारलं तर सगळा गोंधळ. समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाळी दिल्यावर त्याची हाळी येईपर्यंत आपण गप राहतो, तेवढं सांभाळायचं.

"लग्न झाल्यापासून काय बी इचारलं की तोंडातनं आदी ‘न्हाई’च निघायचं," आई म्हणाली. "आता निदान इचार करून बोलत्यात."

मी हसलो. भरात येऊन तिला अंतराळयानांचंही सांगितलं. चंद्रावर आपला निरोप सव्वा सेकंदात जातो, मंगळावर काही मिनिटांत. सगळ्यात लांब गेलेल्या यानाला निरोप पोचायला जवळजवळ अख्खा दिवस, आणि उत्तर यायला आणखी तेवढाच.

ती पावटे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग मला येक सांग, ह्ये किती लांब गेल्यात?"

ग्रहांची अंतरं मला तोंडपाठ आहेत. हे अंतर मात्र त्यांत नव्हतं. मी खाली बसून तिच्याबरोबर पावटे सोलायला लागलो.

त्या हिवाळ्यात आई गेली. दुपारी. मी शाळेत, बायको अंगणवाडीत. घरी हे दोघंच. मी आलो तेव्हा आई आबांच्या खाटेवर, भिंतीला टेकून बसलेली, डोळा लागल्यासारखी. आबा तिच्याशेजारी बसून समोर बघत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, दोन-तीन तास तरी झाले असतील.

त्या दोन-तीन तासांनी माझा जीव खाल्ला. आबांना कळलं होतं का? कळून त्यांनी कुणाला हाक मारायचा प्रयत्न केला, आणि आवाजच फुटला नाही? मी त्यांच्यासमोर बसून एकदाच सांगितलं, "आबा, आई गेली." ते खिडकीकडे बघत राहिले. नीरा नदीवर दहाव्याला पाहुण्यांनी एकामागून एक त्यांच्या कानाशी तेच ओरडून सांगितलं. शेवटी माझं डोकं फिरलं. "बहिरे न्हाईत ते!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. आबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्याचा मला राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

नंतर मी वाट बघणं सोडून दिलं. आकाशातला निरोप कितीही उशिरा का होईना, वाटेत काही आडवं आलं नाही तर पोचतो. मेंदूत तसं नसतं. तिथं जे हरवतं ते बहुतेक हरवतंच, कुठं थांबून राहत नाही. हे मी पोरांना शिकवत नाही, पण मला माहीत आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी, मी आबांची दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. आबा म्हणाले, "तिच्यापाशी कोन हुतं?"

मी वस्तरा खाली ठेवला. कुणापाशी, हे विचारावं लागलं नाही.

"तुमी हुता, आबा."

"म्या?"

या वेळी जराही वेळ लागला नाही. ते माझ्याकडे बघत होते, थेट, झटका येण्याआधी बघायचे तसे. म्हणजे त्या दुपारी त्यांना कळलंच नव्हतं. इतके दिवस मी हेच देवाकडे मागत होतो, आणि आता ते ऐकून मला रडू फुटलं.

"मग म्या काय केलं?" आबांनी विचारलं.

"तुमी तिचा हात धरला हुता."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी हे म्हणालो नाही. आईला खाली घेताना त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली होती.